पत्त्यांना मेडल, मग सारंगखेड्याच्या घोड्याने काय पाप केलंय?

2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरची गोष्ट. कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून मामा आधीच वैतागलेला आणि मी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला त्याच्याकडे गेलो की संध्याकाळी ओसरीवर खाट टाकून, तांब्याला मोबाईल टेकवून आम्ही दोघं चीनमधल्या हांगझोऊचं एशियाड बघायचो. मामाला कुस्ती बघायची असायची, कबड्डी बघायची असायची, पण मोबाईलवर एकेक भलतंच यायचं. कोणी पायाने व्हॉलीबॉल खेळतंय (ते सेपाक टकरा), कोणी चाकाचे बूट घालून पळतंय, कोणी डोक्यावर उभं राहून गिरक्या घेतंय. मग एक दिवस बातमी आली की भारताला ब्रिजमध्ये सिल्व्हर. मामाने विचारलं ब्रिज म्हणजे काय, मी म्हटलं मामा, पत्ते. मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणतो, "पत्तासले बी मेडल? मंग आपलं गाव ते आखाजीले आख्खं ऑलिंपिक शे!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खान्देशात आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, बायका-पोरी झोक्यावर आणि गौराईच्या गाण्यात, आणि पुरुष मंडळी झाडाखाली, ओट्यावर, जिथे सावली मिळेल तिथे पत्ते घेऊन. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, जावईही पत्त्यात बसलेला असतो, आणि कोण किती हरला याच्या गोष्टी पुढे पेरणीपर्यंत पुरतात.

हसून झालं, पण मामाचा खरा मुद्दा वेगळा होता आणि तो गावागावातला, व्हॉट्सॲपवरचा सगळ्यांचाच मुद्दा आहे, की हे काय खेळ आहेत का, उगाच आकडा फुगवायला काहीही घुसवलंय, खरे खेळ म्हणजे पळणं, कुस्ती, हॉकी, बाकी सगळा तमाशा. 1951 ला दिल्लीत पहिलं एशियाड झालं तेव्हा 11 देश आणि 6 खेळ होते, हांगझोऊला 40 खेळ आणि 481 गोल्ड. एवढं पसरवायची गरज काय?

मला हे पटत नाही. उलट मला वाटतं 40 चे 50 करा, आमचं काही बिघडत नाही. बिघडतंय ते दुसरीकडेच, त्यावर येतो.

आधी हे "खरे खेळ" प्रकरण. ऑलिंपिकची जुनी यादी काढून बघा. रस्सीखेच, जी आपण गणपतीत खेळतो, ती 1900 ते 1920 ऑलिंपिकमध्ये होती. दोरीवर सरसर चढायचं, ते 1932 पर्यंत होतं. क्रिकेट 1900 ला एकदाच खेळलं गेलं, ब्रिटन विरुद्ध फ्रान्स, बस एकच मॅच, आणि आता 2028 ला लॉस एंजेलिसला परत येतंय. ते का येतंय हे काय कोणाला सांगायला पाहिजे का, भारतातले टीव्ही आणि मोबाईल मोजले की कळतं. ब्रेकडान्स पॅरिसला 2024 ला आला आणि 2028 ला नाहीये. म्हणजे ही यादी काही देवाने दगडावर कोरून दिलेली नाही. ज्याचं लग्न त्याची पंगत, यजमानाला जे आवडतं ते ताटात येतं.

याची उदाहरणं बघितली तर मजा येते. जपानने 1964 ला टोकियोत ज्युडो आणलं. कोरियाने 1988 ला सेऊलमध्ये तायक्वांदो आधी नुसतं दाखवायला ठेवलं, 2000 ला ते पक्कं झालं. चीनने 1990 च्या बीजिंग एशियाडला वुशू, म्हणजे त्यांचं कुंग-फू, आणलं. इंडोनेशियाने 2018 ला जकार्ताला त्यांचा मारामारीचा खेळ पेनकाक सिलात ठेवला, त्यात 16 गोल्ड होते आणि 14 यजमानांनीच घेतले, त्यांचे एकूण गोल्ड होते 31. पुढच्या एशियाडला चीनमध्ये तो खेळच गायब! आणि ब्रिजचं तर अजून भारी, तोही जकार्तालाच आला, त्यासाठी जोर लावणारा माणूस म्हणजे इंडोनेशियातला एक नंबरच्या श्रीमंतांपैकी एक, मायकल बंबांग हार्तोनो, आणि तो स्वतः 78 व्या वर्षी खेळून ब्राँझ घेऊन गेला. पैसा असावा तर असा. अर्थात आपलंही त्यात भलंच झालं, प्रणव बर्धन 60 वर्षांचे आणि शिबनाथ सरकार 56 चे, यांनी त्याच ब्रिजमध्ये भारताला गोल्ड दिलं. मामाला हे सांगितल्यावर तो जरा सरळ होऊन बसला, कारण तो 61 चा आहे. पण ब्रिज आणि आखाजीचे पत्ते यात फरक आहे. ब्रिजच्या टीम मॅचमध्ये तेच पत्ते दोन्ही टेबलांवर वाटतात, म्हणजे नशीब चांगलं निघालं ही सबबच नाही, त्याच पत्त्यात तू काय केलं आणि समोरच्याने काय केलं एवढंच बघतात. आमच्याकडे अशी सिस्टीम आली तर निम्मं गाव खेळणं सोडेल.

आपणही हे केलंच आहे की. कबड्डी 1982 च्या दिल्लीला प्रदर्शनी म्हणून, 1990 पासून मेडलसाठी, बायकांची 2010 पासून. 1990 ते 2014 सलग सात वेळा पुरुषांचं गोल्ड आपलंच, इतकं की लोक म्हणायला लागले हा काय खेळ, एकच देश जिंकतो. मग 2018 ला इराणने आपल्या पुरुषांना सेमीफायनलला पाडलं आणि बायकांना फायनलला, आणि इराणच्या बायकांची कोच कोण, तर नाशिकच्या शैलजा जैन. त्या दिवशी आमच्याकडे पार सुतक. मला मात्र वाटतं कबड्डीच्या दृष्टीने तो सगळ्यात चांगला दिवस होता, कारण खेळ यादीत टिकायचा असेल तर तो दुसऱ्याला यायला पाहिजे, आपल्याला हरवण्याइतका. हांगझोऊला बायकांच्या टीमने तैवानला 26-25 असं एका पॉइंटने हरवून गोल्ड घेतलं आणि ते भारताचं 100 वं मेडल निघालं. एका पॉइंटने जिंकण्यात जी मजा आहे ती 60-20 मध्ये नाही.

मेडलचा हिशेब हा अजून एक घोळ. पॅरिसला फक्त स्विमिंग पूलमध्ये 35 गोल्ड होते आणि ॲथलेटिक्समध्ये 48. हॉकीत दोन. कबड्डीत 12 जणांची टीम, महिनोन्महिने कॅम्प, हाडं मोडून घ्यायची, आणि टेबलवर मेडल दिसतं एक. एक चांगला पोहणारा पोरगा एका आठवड्यात पाच घेऊन जातो. म्हणून मेडल टेबल बघून "आपण मागे" असं छाती बडवणाऱ्यांनी आधी हे बघावं की कोणत्या खेळाचे किती तुकडे केलेत. सांघिक खेळाचा देश कायम गरीबच दिसणार.

आणि यादी आखडली की काय होतं, तेही आता दिसतंय. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्च झेपत नाही म्हणून 2026 च्या कॉमनवेल्थमधून हात वर केले, ग्लासगोने उरलंसुरलं उचललं आणि फक्त 10 खेळ ठेवले. हॉकी गेली, बॅडमिंटन गेलं, कुस्ती गेली, नेमबाजी तर 2022 लाच गेली होती. बर्मिंगहॅमला 2022 मध्ये आपले 12 पैलवान गेले होते आणि 12 च्या 12 मेडल घेऊन आले, सहा गोल्ड. आता धुळ्याच्या तालमीत पहाटे चार वाजता जोर-बैठका मारणाऱ्या पोराला सांगा की बाबा तुझी एक पायरीच काढून टाकली. गवतावर गोळे घरंगळवायचे ते लॉन बॉल्स मात्र ठेवलंय. तर ज्यांना वाटतं खेळ कमी करा, फालतू काढा, त्यांनी लक्षात ठेवावं की फालतू कोणतं ते ठरवायला आपल्याला कोणी बोलावत नाही.

आता खरा मुद्दा, आणि तो घोड्याचा आहे.

त्याच एशियाडमध्ये एक दिवस घोडेस्वारीतलं ड्रेसाज चालू होतं. 60 मीटर बाय 20 मीटरचा आखलेला चौकोन, घोडा पावलं मोजून टाकतोय, तिरपा तिरपा चालतोय, पळता पळता पुढचा पाय बदलतोय, वरचा माणूस हलल्यासारखा पण वाटत नाही. मामा उठून बसला. "अरे हाऊ ते आपला सारंगखेडाना घोडागत नाची ऱ्हायना ना भो!"

आणि खरंच की. सारंगखेडा शहादा तालुक्यातच, तापीच्या काठावर, एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीला भरणारा घोडेबाजार. राजस्थान, पंजाब, गुजरात, यूपी कुठून कुठून घोडे येतात, मारवाडी, काठियावाडी, कान आत वळलेले, लाखांत किंमती. ढोलावर नाचणारे घोडे बघायला लहानपणी आम्ही बापाच्या खांद्यावर बसून जायचो. आता चेतक फेस्टिव्हल म्हणून तंबू लागतात, शर्यती होतात, नाचाच्या स्पर्धा होतात. म्हणजे घोडा, घोड्याला शिकवणारा माणूस, घोड्यावर जीव टाकणारं पब्लिक, हे तिन्ही आमच्याकडे आहेत.

त्या ड्रेसाजमध्ये भारताच्या टीमला गोल्ड मिळालं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला. सुदीप्ती इंदूरची, म्हणजे आमच्या धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा करत सरळ गेलं की इंदूर, शेजारचीच म्हणा ना. चारही पोरं युरोपात राहून, तिकडच्या घोड्यांवर तयार झालेली. त्यांच्या मेहनतीबद्दल मला काही वाकडं बोलायचं नाही, घर सोडून विशीत तिकडे तबेल्यात राबणं सोपं नसतं. पण हिशेब तर करू. घोडा युरोपातला, कोच युरोपातला, शिकायला वर्षानुवर्षं युरोपात. हे कोणाला परवडतं ते सांगायची गरज नाही. यादीत खेळ आहे, पण आमच्या पोरासाठी तो खेळ चंद्रावर आहे आणि त्याच वेळी घोडा दारात उभा आहे. हे मला खरं टोचतं.

भारतातला घोडा का नेत नाहीत? अंगाचा भाग वेगळा, ड्रेसाजचे घोडे उंच, दणकट, वेगळ्याच जातीचे असतात, हे मान्य. पण मोठी अडचण कागदाची होती. घोड्यांच्या रोगांबाबतचे नियम असे की इथला घोडा सहजासहजी बाहेर जाऊच शकत नव्हता. 2025 मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात देशातली पहिली रोगमुक्त जागा आंतरराष्ट्रीय मान्यतेची झाली, म्हणजे आता कुठे दार किलकिलं झालंय. आणि 1982 ला याच देशात, दिल्ली एशियाडला, आपण यजमान होतो म्हणून घोडेस्वारीत टेंट पेगिंग ठेवलं होतं, पळत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलायची, आणि रुपिंदरसिंग ब्रार यांनी त्यात गोल्ड घेतलं. त्याला युरोपचा घोडा लागत नाही. पोलीस आणि आर्मीवाले अजून खेळतात. सारंगखेड्याच्या मैदानात हे उद्या सुरू करता येईल, खुंटी आपली, भाला आपला, घोडा तर आहेच. पण आपल्याकडे यात्रा पर्यटनवाल्यांकडे आणि खेळ क्रीडावाल्यांकडे, दोघांच्या टेबलात एक भिंत.

असंच तिरकमठ्याचं. सातपुड्यात धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ, तिकडचा भिल्ल-पावरा पोरगा म्हटलं की पुढारी भाषणात एकलव्य आणतोच. "यांच्या रक्तातच धनुर्विद्या आहे." रक्तात असून काय होतं हो? स्पर्धेतलं कंपाउंड धनुष्य कप्पी लावलेलं, भिंग लावलेलं, ट्रिगर दाबून सोडायचं, 50 मीटरवर निशाण, किंमत लाखांत. बांबूच्या कमठ्याशी त्याचं नातं बैलगाडीचं ट्रॅक्टरशी असतं तेवढं. हांगझोऊला तीन गोल्ड घेतले ते नागपूरच्या ओजस देवतळेने, तो तयार झाला साताऱ्यात, आणि साताऱ्याचीच अदिती स्वामी 17 व्या वर्षी जगज्जेती झाली. साताऱ्याच्या रक्तात धनुष्य होतं असं कोणी ऐकलंय का? तिथे एक नीट कोच होता आणि निशाण लावायला जागा होती, संपलं. आता कंपाउंडची मिक्स्ड टीम 2028 च्या ऑलिंपिकमध्येही आलीये. सातपुड्यातून कोणी नाव काढायचं असेल तर भाषणातला एकलव्य रिटायर करून तिथल्या आश्रमशाळेत चार धनुष्यं आणि एक माणूस कायमचा बसवावा लागेल. राजस्थानात उदयपूरकडचा लिंबा राम असाच उचलला होता, बांबूच्या धनुष्यावरून निवड केली आणि 1988 ला पोरगा सेऊल ऑलिंपिकला. म्हणजे होतं, केलं तर होतं.

आणि दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. प्यायच्या पाण्याची बोंब असलेलं गाव, विहिरी खोदायच्या कामावर गेलेला पोरगा. रोइंग म्हणजे होडी वल्हवायचा खेळ, त्याने आर्मीत जाईपर्यंत बघितलाही नव्हता. आर्मीने पुण्यात होडीत बसवलं, 2016 ला रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या होडीत गेला आणि 2018 ला जकार्ताला चौघांच्या होडीत गोल्ड. दुष्काळातला माणूस पाण्याच्या खेळात! खेळांची यादी मोठी का पाहिजे, याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. यादीत रोइंग नसतं तर दत्तूची ती ताकद विहिरीतच राहिली असती. पण नुसतं यादीत असून भागलं नसतं, होडी कोणीतरी पुढ्यात आणून ठेवली.

आता आमच्याकडे बघा, पाणी आहे. तापीवर सारंगखेड्याला बॅरेज, प्रकाशाला बॅरेज, लांबलचक पाणी तुंबलेलं. नर्मदेच्या काठावर धरणाच्या फुगवट्याने गावं तुटलीत, लोक बार्जने, होडीने दवाखान्यात जातात. करोनाच्या वेळी तिकडची एक अंगणवाडी ताई स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर पोचायची, बातम्यांत सगळ्यांनी वाचलं, कौतुक केलं, फॉरवर्ड केलं आणि विसरले. तिकडची पोरं लहानपणापासून वल्हं मारतात. हांगझोऊला कनूमध्ये, म्हणजे अरुंद होडीच्या शर्यतीत, मणिपूर-उत्तराखंडच्या दोन पोरांनी आपल्याला ब्राँझ दिलं, पण तिकडच्या नद्यांतच काय ते पाणी आहे असं थोडंच. पण नंदुरबार जिल्ह्यात एक रेसिंगची होडी कुठे ठेवलीये असं मी तरी ऐकलं नाही. ज्याला माहीत असेल त्याने सांगा, मी पत्ता घेऊन स्वतः जाऊन येतो.

मग आमच्याकडे आहे काय? क्रीडा संकुल. मी ज्या तालुक्यात राहतो तिथलं सांगतो, नाव नको. एक शेड, त्यात बॅडमिंटन, सकाळी साहेब लोक खेळतात, चांगलं आहे, पोटं कमी होतात. बाहेर ट्रॅक म्हणून जे आहे त्यावर पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात लग्नाचे मंडप. शेजारच्या तालुक्यात जा, तोच नकाशा. डोंगरात तोच, नदीकाठी तोच, केळीच्या पट्ट्यात तोच, जणू सगळ्यांना एकाच मापाची चप्पल वाटलीये. शाळेच्या स्पर्धांची यादी बघाल तर त्यात इतके खेळ की वाचता वाचता चहा गार होतो, पण शाळेत पीटीचे सर एकच असतात किंवा तेही नसतात, मग ज्या खेळाला गावात कोणी ओळखत नाही त्यात दोन टीम उतरतात, एक जिंकते, जिल्ह्याचं सर्टिफिकेट मिळतं, दहावीला मार्क वाढतात. कागदावर खेळांची विविधता एशियाडला लाजवेल अशी. ग्राउंडवर मात्र टेनिस बॉलचं क्रिकेट आणि त्याला कोणा ना कोणा पुढाऱ्याचा चषक.

मला कोणी म्हणेल, मग काय प्रत्येक गावात घोडा, होडी, धनुष्य सगळं द्यायचं का, पैसा कुठून आणणार. नाही द्यायचं. उलट सगळं सगळ्यांना द्यायला गेलो म्हणून तर कोणालाच धड मिळालं नाही. जिल्ह्याला तीन खेळ ठरवा, तिथल्या मातीकडे, पाण्याकडे, लोकांकडे बघून. नंदुरबारला घोडा, धनुष्य आणि होडी. धुळ्याला कुस्ती, पण नुसती यात्रेतली मातीवरची नाही, मॅट टाकून, कारण खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं तेही मॅटवरच. लांब पल्ल्याचं पळणं तर सगळीकडेच, त्याला बूट आणि खाणं लागतं एवढंच, बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीत, एशियाडचं गोल्ड घेऊन आला आणि नाशिकच्या डोंगरातली कविता राऊत 10 हजार मीटरला 2010 ला मेडल घेऊन आली. जळगावला काय ठेवायचं ते जळगावकरांनी भांडून ठरवावं, भांडणात ते कमी नाहीत. आणि मग दहा वर्षं तेच धरून ठेवा, कलेक्टर बदलला की खेळ बदलला असं नको.

2030 चं कॉमनवेल्थ अहमदाबादला आहे. नंदुरबारच्या माणसाने रेल्वेने मुंबईला जायचं तरी सुरतवरून आणि अहमदाबादला जायचं तरी सुरतवरूनच, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी स्पर्धा आमच्या रेल्वेलाईनच्या टोकाला येतेय. यजमान आपण, म्हणजे यादीत काय घालायचं यात आपलंही थोडं चालणार. कबड्डी, खो-खोसाठी जोर लागेल, लागावाच, खो-खोचा पहिला वर्ल्ड कप 2025 ला दिल्लीत झाला आणि दोन्ही टीम आपल्याच जिंकल्या. पण मला भीती हीच, की आपण यादीसाठी भांडू, जिंकू, पेढे वाटू, आणि ज्या दिवशी तो खेळ टीव्हीवर दिसेल त्या दिवशी आमची पोरं परत ओसरीवर तांब्याला मोबाईल टेकवून बघत असतील.

मामाने मात्र हे सगळं फार मनावर घेतलंय. येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन चुन्याने 60 बाय 20 चा चौकोन आखायचा आणि एखाद्या नाचऱ्या घोड्याला त्यात चालवून बघायचं असं ठरवलंय. चुना घरचा आहे, टेप मी नेणार. ओळखीच्या एका घोडेवाल्याला फोन करून ड्रेसाजचा व्हिडिओ पण पाठवला. त्याने सगळा बघितला, मग फोन करून एकच विचारलं, "ते समदं ठीक शे, पन पहिले सांगा, ढोल वाजाडू दिशात का?"